सासूबाईंचं नाव, सुनांचे टॉवेल

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. सासरी पूर्वी स्वतःचा माल काढणारे यंत्रमाग होते, आता उरलेले माग मजुरीवर चालतात. ताई आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई टेरी कापडापासून बाळांचे टोपीवाले टॉवेल, लाळेरी आणि नॅपकिन शिवतात. सुरुवात ओळखीपाळखीत झाली, मग व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येऊ लागल्या, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉलही लावून झाला. आता पुण्याच्या एका दुकानाने मोठी ऑर्डर देऊ केली आहे. मालावर ब्रँडचं लेबल आणि हातात जीएसटीचं बिल हवं, एवढी त्यांची अट. सासूबाईंनी उमेदीची वर्षं मागासाठी कांड्या (सुताच्या नळ्या) भरण्यात घालवली, म्हणून ब्रँडला त्यांचंच नाव द्यायचं दोघींनी ठरवलं. नातवंडं आजीला वेगळ्याच, त्यांनीच तयार केलेल्या नावाने हाक मारतात, पण ते 'पोरकट वाटेल' म्हणून बाजूला पडलं. खऱ्या नावाची पाचशे लेबलं विणूनही आली.

मग शोधाशोध केली तेव्हा हैदराबादेत त्याच नावाची बांधकाम कंपनी सापडली. सुरतेच्या कुणीतरी लहान मुलांच्या कपड्यांसाठी त्याच नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज केलेलाही दिसला. एक कन्सल्टंट म्हणाले, 'प्रायव्हेट लिमिटेड करून टाका, नाव कायमचं बुक होईल.' यजमान म्हणतात, नावाला 'सोलापूर' जोडू. धाकटे दीर म्हणतात, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवू. ताई विचारतात: 'कुणाला कळायच्या आत नाव राखून ठेवता येईल का? आणि ते आधी माझ्या एकटीच्या नावावर करून मग जाऊबाईंना सांगितलं तर चालेल का? त्यांच्या माहेरचेही कापडाच्या धंद्यात आहेत, म्हणून धाकधूक वाटते.' नाव अर्थातच आम्ही इथे छापत नाही.

प्रिय ताई,

पुण्याच्या ऑर्डरबद्दल आधी तुमचं आणि जाऊबाईंचं मनापासून अभिनंदन. मजुरीवर माग चालवणाऱ्या घरातून पुन्हा स्वतःचा माल बाहेर पडतोय, ही लहान गोष्ट नाही.

आता नावाकडे वळू. कुणीतरी नाव पळवेल या धास्तीने तुम्हाला इतकं घेरलंय की त्याहून मोठा धोका तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलात आणि तसाच ओलांडून पुढे गेलात. बाजारात न आलेलं नाव चोरून कुणाच्या हाती फारसं काही लागत नाही. नक्कल होते ती चालू लागलेल्या नावाची. नव्या धंद्याला आडवं येतं ते वेगळंच. राबराब राबून नाव गिऱ्हाइकांच्या तोंडी बसवायचं आणि मग एक दिवस वकिलाची नोटीस यायची की हे नाव आमचं आहे, दुकानांतून माल उचला. सुरतेचा तो अर्ज बघून तुम्ही थांबायला हवं होतं, आणि बरं झालं, लिहायला तरी थांबलात.

म्हणून राखून ठेवण्याची धडपड थोडी बाजूला ठेवा. नाव तुमच्या मालासाठी मोकळं आहे का, ते आधी तपासा. मोकळं असेल तर ते वापरायला लागा आणि त्याच सुमारास ट्रेडमार्कचा अर्ज करा. नाव आपलं होतं ते वापराने आणि ट्रेडमार्कच्या नोंदणीने, तेही त्या त्या प्रकारच्या मालापुरतं. बाकीचे जे दाखले आपण गोळा करतो त्यांचं काम वेगळं असतं.

कन्सल्टंटने सांगितलेलं पाहू. कंपनी काढायची असेल तर नाव खरोखर राखून ठेवता येतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 'स्पाइस प्लस' नावाचा अर्ज आहे. त्याच्या पहिल्या भागात पसंतीची दोन नावं देता येतात, शुल्क १,००० रुपये. मंजूर झालेलं नाव २० दिवस तुमच्यासाठी धरून ठेवतात, जादा पैसे भरले तर ही मुदत ६० दिवसांपर्यंत जाते. एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी काढायची असेल तर २०० रुपये शुल्क आणि तीन महिने मुदत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा हा प्रकार आहे. वेळेत चढलात तर जागा तुमची, नाहीतर रुमाल उचलून दुसरा बसतो. शिवाय हे राखणं फक्त कंपन्यांच्या यादीपुरतं. त्या नावाचे टॉवेल दुसऱ्या कुणी विकू नयेत असा हक्क त्यातून मिळत नाही.

उलट कंपनी झाल्यावरही नाव जाऊ शकतं. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १६ प्रमाणे नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. ती मान्य झाली तर कंपनीला तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं. म्हणजे 'कायमचं बुक' ही गोष्ट खरी नाही. आणि प्रायव्हेट लिमिटेड म्हटलं की दरवर्षी लेखापरीक्षण आलं, दरवर्षी विवरणपत्रं आली, धंदा झाला असो वा नसो. वार्षिक विवरणपत्राला उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. दोन शिलाई मशीन आणि एक ऑर्डर असलेल्या घराने केवळ नावासाठी हे ओझं डोक्यावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या बाहेरचं भांडवल घ्यायचं झालं, मोठं कर्ज काढायचं झालं, तर कंपनीचा विचार जरूर करा. तेव्हा कारण वेगळं असेल.

मग शॉप ॲक्टचा दाखला, उद्यम म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, जीएसटी, बँकेतलं चालू खातं? ही सगळी कागदं लागतात, पण हे नाव दुसऱ्या कुणाचं आहे का, याची छाननी त्यांतलं कुणीच करत नाही. तुमच्याकडे मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी तर फुकट आहे, आधारवर होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. एकाच नावाची दहा दुकानं दहा वेगवेगळ्या दाखल्यांवर असू शकतात, आणि असतातही. दाखला भिंतीवर लावला म्हणून नाव आपलं झालं, हा गैरसमज आपल्याकडे फार खोल आहे. बरेच जण त्या भरवशावर पाटी रंगवतात आणि खोकी छापून घेतात.

यजमानांचा आणि दिरांचा उपाय आपुलकीतून आलेला आहे, पण तो टिकणार नाही. कंपन्यांच्या नावांच्या नियमांत हेच प्रकार नाव घेऊन मोजलेले आहेत. ज्या नावात गावाचं नाव नाही त्याला गावाचं नाव जोडलं तरी ते वेगळं धरत नाहीत. मुद्दाम बदललेलं स्पेलिंग, उच्चार तोच ठेवून फिरवलेली अक्षरं, एकवचनाचं अनेकवचन, शब्दांची उलटापालट, यांतलं काहीच चालत नाही. समजा कुणाची आधीच 'जाई' आहे. मग 'जाई सोलापूर' किंवा दोन 'ए' लावलेली 'जाई' काढून तुमची सुटका नाही. ट्रेडमार्कमध्ये तर कसोटी आणखी साधी आहे. दुकानात उभं असलेलं साधं गिऱ्हाईक फसेल का? गिऱ्हाईक नाव कानाने लक्षात ठेवतं, स्पेलिंगने नाही.

गावाचं नाव जोडण्याबद्दल एक निकाल सांगते. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा 'इरुट्टुकडै हलवा' प्रसिद्ध आहे. दुसऱ्या एकाने पुढे 'तिरुनेलवेली' जोडून तसंच नाव चालवलं, त्याचीही ट्रेडमार्क नोंदणी मिळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो आधीपासून नाव वापरणाऱ्याच्या बाजूने. आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षाही वरचा, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. तुमच्या यजमानांना हा निकाल जरूर सांगा. आणि त्यातली दुसरी बाजू स्वतःसाठी लक्षात ठेवा: नोंदणीच्या यादीत दिसलं नाही म्हणजे नाव मोकळं आहे, असंही नाही. कुठल्यातरी गावात कुणी वर्षानुवर्षं ते वापरत असेल तर त्याचाही हक्क आहे.

आता तपासणी. तुम्ही केलीत ती अर्धी झाली. ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध सरकारच्या आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर फुकट करता येतो. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग केलेले आहेत, शोध वर्ग निवडूनच करायचा. टॉवेल, नॅपकिन, चादरी वर्ग २४ मध्ये येतात. कपडे वर्ग २५ मध्ये. आणि ताई, कापडी लाळेरीसुद्धा वर्ग २५ मध्येच येतात, म्हणजे तुमचा एक माल थेट सुरतकरांच्या वर्गात आहे. दुकान किंवा ऑनलाइन विक्रीची सेवा वर्ग ३५ मध्ये. या तिन्ही वर्गांत आधी शब्दाने शोधा. तिथे 'ने सुरू होणारे' आणि 'हे अक्षर असलेले' असे पर्याय असतात, ते दोन्ही करून पाहा. मग उच्चाराने शोधा. नाव इंग्रजीत जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे लिहून बघा.

एखादी नोंद सापडली की नुसतं नाव पाहून पान बंद करू नका. ती उघडली की अर्जाची तारीख, मालाचं वर्णन, अर्जदार कुठला, हे सगळं दिसतं. दोन रकान्यांवर बोट ठेवा. पहिला स्थितीचा. 'ऑब्जेक्टेड' म्हणजे परीक्षकाने हरकत घेतली आहे. अर्ज मेलेला नाही, अर्जदार उत्तर देऊन तो पुढे नेऊ शकतो. 'ॲबँडन्ड' म्हणजे अर्जदाराने पाठपुरावा सोडला. पण त्याने बाजारात नाव वापरायचं सोडलंय, असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरा रकाना वापर कधीपासून आहे याचा. तिथे एखादी तारीख असेल किंवा 'पुढे वापरणार आहोत' असं असेल. सुरतेच्या नोंदीत तारीख असेल तर तुम्ही मागे आहात, कारण या नावाने तुमचा एकही नग अजून विकलेला नाही. आतापर्यंत विकलात ते बिनलेबलाचं.

यादीबाहेरही शोधा. मोठ्या ऑनलाइन दुकानांवर नाव टाकून पाहा, इन्स्टाग्रामवर पाहा. चाटी गल्लीतल्या आणि नव्या पेठेतल्या कापडवाल्यांना विचारा, आणि ज्याने लेबलं विणून दिली त्यालाही विचारा. दहा गावांची लेबलं त्याच्या मागावरून जातात, त्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं पोर्टलला नसतं. सोलापूरकरांसाठी आणखी एक: नाव तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या शेजारणींना म्हणून दाखवा. आपलं गिऱ्हाईक त्या दोन्ही भाषांत बोलतं, आणि माल हैदराबाद-विजापूरला जायला वेळ लागत नाही. एखाद्या भाषेत नावाचा उच्चार भलताच लागत असेल तर ते आजच कळलेलं बरं.

हैदराबादच्या बांधकाम कंपनीची काळजी सोडा. तुम्ही कंपनी काढत नाही, त्यांचा आणि तुमचा माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. कुणीही बाळाचा टॉवेल घेताना तो बांधकामवाल्यांनी काढला असेल असं समजणार नाही. सुरतेचं तसं नाही. बाळाचे कपडे आणि बाळाचे टॉवेल एकाच दुकानात, एकाच फळीवर असतात, एकच आई दोन्ही उचलते. तुम्ही फक्त वर्ग २४ मध्ये अर्ज केलात तरी हरकत येऊ शकते, कारण वर्गाचा आकडा वेगळा असला तरी माल जवळचा असला की गोंधळ धरला जातो. लाळेरी तर सरळच अडकतात. यात वकिलाला विचारून पुढे जाण्याचा पर्याय आहे, सुरतकरांशी बोलून लेखी संमती मिळवण्याचाही आहे. पण पहिल्याच ऑर्डरच्या वेळी एवढं अंगावर घ्यावं असं मला वाटत नाही. तुमचं आजचं नुकसान पाचशे लेबलांचं आहे. वर्षभराने ते कितीतरी मोठं असेल.

'पण नाव तर आमच्या घरातलंच आहे' असं तुमच्या मनात येईल. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३५ मोकळीक देतं खरं, पण ती ज्याचं नाव त्याला. सासूबाईंच्या नावाने ब्रँड काढणाऱ्या सुनांनी त्या कलमावर विसंबू नये.

आणि इथे मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही यजमानांचं मत लिहिलंत, दिरांचं लिहिलंत, कन्सल्टंटचं लिहिलंत. सासूबाईंना विचारलंत का? त्यांच्या सन्मानासाठी सगळं चाललंय, पण त्यांचं एक वाक्यही पत्रात नाही. कदाचित त्यांना आपलं नाव टॉवेलवर नको असेल. ओल्या टॉवेलला लोक पाय पुसतात, असंही त्या म्हणतील. कदाचित हरखून जातील. जिवंत माणसाचं नाव ब्रँडला द्यायचं तर ट्रेडमार्क कार्यालय त्यांची लेखी संमती मागू शकतं, तेव्हा विचारावं लागणारच आहे. पण कार्यालयासाठी विचारू नका, त्यांच्यासाठी विचारा.

विचारायला बसाल तेव्हा नातवंडं त्यांना ज्या नावाने हाक मारतात, तेही पुढे ठेवा. तुम्ही ते पोरकट म्हणून सोडलंत. तुमचा माल बाळांसाठी आहे, ताई. लहान मुलाच्या तोंडून घडलेला शब्द बाळाच्या टॉवेलवर का नसावा? कायद्याच्या बाजूनेही हे नाव जास्त भक्कम आहे. 'मऊ टॉवेल' किंवा 'सोलापूर टॉवेल' यांसारखी मालाचा गुण किंवा गाव सांगणारी नावं एकट्याची म्हणून नोंदवून मिळणं अवघड असतं. देवांची, फुलांची, नद्यांची नावं कायद्याला चालतात, पण बहुतेक कुणी ना कुणी आधीच घेतलेली असतात. घरात घडलेला, कोशात नसलेला शब्द बहुधा मोकळा सापडतो आणि त्याचं रक्षणही सोपं जातं. तोही वर सांगितल्याप्रमाणे तपासा, घरातला आहे म्हणून सूट नाही.

जाऊबाईंचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला तोच सगळ्यात नाजूक भाग आहे. नाव गुपचूप तुमच्या एकटीच्या नावावर करता येईल का? कागदोपत्री येईल. करू नका. जाऊबाई तुमच्याबरोबर बसून तेच टॉवेल शिवतात, नाव दोघींनी मिळून निवडलं. उद्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्ज छापून येईल, तो कुणालाही वाचता येतो. त्यांना ते बाहेरून कळलं तर धंदा आणि घर दोन्हीकडे जे होईल ते कुठल्याच नोंदणीने भरून निघणार नाही. त्यांच्या माहेरची धास्ती तुम्हाला वाटते, पण त्यांनी असं काही केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. कापडाच्या धंद्यात असणं हा काही पुरावा नव्हे; सोलापुरात अर्धं गाव कापडाच्या धंद्यात आहे.

धास्तीचं खरं औषध लेखी करार आहे. दोघींची भागीदारी करा. स्टॅम्प पेपरवर भागीदारीपत्र करताना नावासाठी स्वतंत्र कलम घाला: नाव भागीदारीच्या मालकीचं, एकीला बाहेर पडायचं झालं तर नाव कुणाकडे राहील, दुसरीला त्याचा मोबदला कसा ठरेल, आणि कुणीही माहेरच्या किंवा सासरच्या दुसऱ्या धंद्याला ते नाव वापरू देणार नाही. हे वाक्य दोघींना सारखंच लागू होतं, म्हणून ते कुणाला टोचणार नाही. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. ट्रेडमार्कचा अर्ज मग दोघी भागीदारांच्या नावाने होतो.

त्या अर्जाचा फॉर्म टीएम-ए. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. भागीदारी म्हणून अर्ज करताना सवलतीसाठी उद्यमचा दाखला जोडायचा, म्हणून उद्यम नोंदणी आधी. तुम्हाला वर्ग २४ आणि २५ घ्यावे लागतील असं दिसतं. ३५ पुढे स्वतःचं दुकान काढाल तेव्हा. अर्ज तपासला जातो, हरकत आली तर उत्तर द्यावं लागतं, मग तो जर्नलमध्ये छापतात आणि चार महिने कुणालाही विरोध करायला मुभा असते. पार पडला की अर्जाच्या तारखेपासून १० वर्षांची नोंदणी मिळते, पुढे नूतनीकरण करत राहायचं. हे सगळं होईपर्यंत थांबायची गरज नाही. अर्ज केल्यावर नावापुढे 'टीएम' लिहिता येतं. गोलातलं 'आर' मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय लावू नका, ते कायद्याला चालत नाही.

वापराचा पुरावा पहिल्या दिवसापासून जपा. लेबलवाल्याचं बिल, तुमच्या बिलबुकातली पहिली नक्कल, पार्सलची पावती, पुढच्या गड्ड्याला जागा घ्याल तिची पावती आणि पाटी दिसेल असा स्टॉलचा फोटो, सगळं तारखेनिशी एका फाइलमध्ये. बिलावर नाव अगदी लेबलावर आहे तसंच लिहा, आज एक आणि उद्या दुसरं स्पेलिंग असं होऊ देऊ नका. उद्या कुणी वाद घातला तर तुमच्या बाजूने ही फाइलच बोलेल. नाव ठरलं त्याच संध्याकाळी डॉट इन डोमेन आणि इन्स्टाग्रामचं खातं घेऊन टाका. तिथे मात्र जो आधी येईल त्याचं, हा नियम खरा आहे, आणि खर्च थोडका आहे.

तुमच्यासारख्याच विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. ग्रामदैवताचं नाव धंद्याला देण्याची आपल्याकडे मोठी श्रद्धा आहे, आणि सिद्धेश्वराचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी नाही. पण ते एकट्याचं होईल ही अपेक्षा ठेवू नका. २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकाच विक्रेत्याला द्यायला नकार दिला. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र व्यापारी नावासाठी वापरण्यावर १९५०च्या बोधचिन्हे व नावे कायद्याची बंदी आहे. आणि 'सोलापुरी चादर' व 'सोलापूर टेरी टॉवेल' ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावं आहेत. ती सगळ्या विणकरांची सामायिक पुंजी आहे. कुणी एकट्याने तिला ब्रँड करू नये. मानांकनाचा शिक्का मालावर लावायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. टेरीचा माल स्वतःच्या मागावर काढणाऱ्या घराने ती जरूर करावी, ताई, तुमच्या यजमानांनी आणि दिरांनीसुद्धा. सोलापूरचं नाव मालाला लावायची त्यांची इच्छा तिथे रीतसर पुरी होईल.

आता पुण्याची ऑर्डर. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण दुकानदाराला बिलावर नंबर हवा आहे तर स्वतःहून घेता येते. भागीदारीपत्र आणि पॅन झालं की अर्ज करा. दुकानदाराला स्पष्ट सांगा की नाव पक्कं होतंय, पहिली खेप साध्या लेबलाने पाठवतो. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नग, किंमत आणि महिना-वर्ष असावंच लागतं, तेवढं नीट छापा. दुकानदार थांबायला तयार असेल तर उत्तमच. नसेल तरी जुन्या पाचशे लेबलांपैकी एकही टॉवेलला लावून पाठवू नका. नवीन लेबलं विणायला टाकाल तेव्हा विणणारा जेवढी कमीत कमी देतो तेवढीच सांगा, आणि ती सांगण्याआधी वर्ग २४ आणि २५ चा शोध जाऊबाईंना शेजारी बसवून पुन्हा एकदा करा.